अठरा वर्षांची वही कंपनीच्या एआयला द्यायची का?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यात राहतो. विद्राव्य खतं आणि बायोस्टिम्युलंट (पिकाच्या वाढीला चालना देणारी द्रव्यं) बनवणाऱ्या एका कंपनीत एरिया मॅनेजर आहे. नोकरीला १८ वर्षं झाली, सगळी नाशिक जिल्ह्यातच गेली. हाताखाली सहा मुलं आहेत, बीएस्सी ॲग्री झालेली, हुशार आणि कामाला वाघ.

यंदा कंपनीने नवीन सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, आणलं. भेट झाली की गाडीत बसून मोबाइलवर बोलायचं, रिपोर्ट ते लिहितं. आज कोणत्या डीलरकडे जायचं हेही सकाळी तेच सांगतं. पुण्यातली मार्केटिंगची मंडळी एआयकडून व्हॉट्सॲप मेसेज आणि बॅनर बनवून घेतात, ते आमच्या भागातल्या सगळ्या बागायतदारांना एकदम जातात. लवकरच शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा चॅटबॉटही येणार आहे.

पंधरवड्यापूर्वी आमच्या एका मुलाने चॅटजीपीटीकडून द्राक्षाचं खताचं शेड्यूल बनवून घेतलं आणि ग्रुपवर टाकायला निघाला. त्यात कॅल्शियम नायट्रेट आणि झिरो बावन्न चौतीस हे फॉस्फेटचं खत एकाच दिवशी, एकाच टाकीतून सोडायला सांगितलं होतं. माझ्या नजरेस पडलं म्हणून निभावलं.

आता साहेबांनी माझ्या वह्या मागितल्या आहेत. मला पहिल्यापासून लिहून ठेवायची सवय. कोणाची छाटणी कधी, कोणाच्या विहिरीला क्षार, कोणत्या डीलरकडे किती उधारी, कोण शब्दाचा पक्का, कोणाच्या घरात काय चाललंय, सगळं त्यात आहे. साहेब म्हणतात, स्कॅन करून द्या, सिस्टिम शिकेल, मुलांना उपयोग होईल. मुलांना उपयोग व्हावा असं मलाही वाटतं. पण माझं वय ४६, मुलगी बारावीला, घराचे हप्ते चालू. वही दिल्यावर माझ्याकडे काय उरलं? आणि हे एआय या वयात शिकू, की जमेल तसं रेटत राहू?

— एक वाचक, निफाड

उत्तर

नमस्कार.

वही द्या. पण स्कॅन करून नको, सगळी नको, आणि साहेबांशी बोलणं होऊन ते ई-मेलवर आल्याशिवाय तर नकोच. एआयही शिका, आणि येत्या सीझनच्या आत शिका.

तुमची भीती निराधार नाही, हे आधी सांगते. ‘एआय फक्त मदतनीस आहे, घाबरायचं कारण नाही’ असं प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतात. त्याने तुमच्यासारख्या मुरलेल्या माणसाचं समाधान होत नाही, आणि ते होऊही नये. २०२३ मध्ये एरिक ब्रिन्योल्फसन आणि त्यांच्या दोन सहकारी संशोधकांनी एक अभ्यास मांडला. ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचं काम त्यांनी तपासलं. त्यांच्यातल्या काहींना एआयची जोड दिली होती. ग्राहक काय लिहितोय ते वाचून एआय उत्तर सुचवायचं. तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्यांच्या बाबतीत ही वाढ ३४ टक्क्यांपर्यंत गेली. अनुभवी, तरबेज लोकांना मात्र फारसा फायदा झालाच नाही. कारण साधं होतं. यंत्र शिकलं होतं ते या तरबेज लोकांच्याच जुन्या संभाषणांवरून. त्यांची हातोटी नवख्यांच्या हाती गेली होती.

तुमच्या सहा मुलांच्या हाती तुमची वही गेली की असंच होईल. जे शिकायला चार-पाच सीझन लागले असते, ते एक-दोन सीझनमध्ये येईल. यात कंपनीचा फायदा उघड आहे, मुलांचाही आहे. तुमचा काय, ते तुम्हाला बोलून ठरवून घ्यावं लागेल. ज्यांच्या कामातून यंत्र शिकतं त्यांना त्याचा मोबदला मिळत नाही, हा मुद्दा त्या संशोधकांनीही काढला आहे. म्हणजे तुमच्या मनातला प्रश्न स्वार्थाचा नाही, रास्त आहे.

त्याचबरोबर दुसरी बाजूही सांगते. तुमचं अपॉइंटमेंट लेटर कपाटातून काढून एकदा शांतपणे वाचा. कामावर असताना गोळा केलेली धंद्याची माहिती कंपनीची, असं कलम बहुतेक ठिकाणी असतं. त्यामुळे ‘वही माझी, देत नाही’ ही भूमिका फार दिवस टिकणार नाही, आणि टिकली तरी तुमचं नाव खराब होईल. तुमच्या हातात एवढं नक्की आहे, की काय द्यायचं, कोणत्या स्वरूपात द्यायचं आणि त्याच्या बदल्यात कोणतं काम आपल्याकडे घ्यायचं.

आता वही उघडू. तुमची वही मी पाहिलेली नाही, पण अशा वहीतलं पान कसं असतं ते माहीत आहे. समजा एका पानावर असं लिहिलंय: थॉमसन, अडीच एकर, छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. विहिरीचं पाणी जड, दर सीझनला लॅटरल (ठिबकच्या नळ्या) चोंदतात. गेल्या साली जीएच्या (मणी फुगवणारं संजीवक) डिपिंगनंतर पाऊस झाला, केवडा रोग आला. सोसायटीचं कर्ज थकलंय. मोठा भाऊ वेगळा झाला, वाटणीवरून तंटा. माल घेतो तो अमुक डीलरकडून, पण पैसे व्यापाऱ्याचा चेक वटल्यावरच देतो.

या एका पानात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. वाण, क्षेत्र, छाटणी, पाणी, रोगाचा इतिहास ही शेताची माहिती. ही सिस्टिममध्ये गेलीच पाहिजे. उद्या तुम्ही रजेवर असाल आणि मुलगा त्या बागेत गेला, तर पाणी जड आहे हे त्याला आधी कळलं पाहिजे. पैसे कधी येतात हा व्यवहार. तो कंपनीला कळायला हवा, पण सहाही मुलांच्या मोबाइलवर दिसायला नको. उधारीची माहिती अकाउंट्स आणि तुम्ही, एवढ्यांपुरतीच राहावी, अशी सोय सीआरएममध्ये असते. नसेल तर मागा. आणि भावाचा तंटा, थकलेलं कर्ज? हे त्या माणसाने कंपनीला सांगितलेलं नाही. ओट्यावर चहा घेताना तुम्हाला सांगितलंय. ते वहीतून बाहेर जाता कामा नये. साहेबांनी कितीही आग्रह केला तरी यावर ठाम राहा. लोकांनी विश्वासाने सांगितलेलं यंत्राच्या स्वाधीन केलं, आणि एक दिवस ‘सध्या अडचणीत आहात ना, आमची उधारीची स्कीम घ्या’ असा मेसेज त्याच्या फोनवर गेला, तर अठरा वर्षांचे संबंध त्या एका मेसेजने तुटतील. यंत्राला त्यात वावगं काही दिसणार नाही, कारण त्याच्या लेखी तीही माहितीच.

स्कॅन नको म्हणते ते म्हणूनच. पान स्कॅन झालं की हे तिन्ही एकत्र जातं. त्याऐवजी कोरा तक्ता करा: गाव, वाण, क्षेत्र, छाटणी, पाण्याचा प्रकार, मागच्या अडचणी, काय उपयोगी पडलं, काय नाही. वही समोर ठेवून एकेका बागेचं तुम्ही बोला आणि मुलांपैकी एकाला भरायला बसवा. आठवड्यातून एक संध्याकाळ दिली तरी सीझनच्या आत मुख्य बागा उरकतील. भरता भरता तो मुलगा जे विचारेल आणि तुम्ही जे सांगाल, त्याचं मोल मला तक्त्याहून जास्त वाटतं.

कायद्याचा आधारही तुमच्या बाजूने आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीची सुरक्षा राखली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. शेतकऱ्याचं नाव, नंबर, घरची परिस्थिती ही वैयक्तिक माहितीच. साहेबांना तत्त्व सांगून पटलं नाही तर हा आकडा सांगा. आणि मुलांना आजच ताकीद द्या, की डीलरची यादी, उधारीचा तक्ता, कंपनीचे रेट हे चॅटजीपीटीच्या फुकटच्या खात्यात टाकायचे नाहीत. त्या खात्यात टाकलेला मजकूर, सेटिंग बदललं नाही तर, पुढच्या मॉडेलला शिकवायला वापरला जाऊ शकतो. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा गोपनीय कोड असाच त्यात टाकला, आणि कंपनीला असल्या साधनांच्या वापरावर बंदी घालावी लागली. कंपनीने विकत घेतलेलं खातं असेल तर तेच वापरायचं.

आता त्या शेड्यूलकडे वळते. पत्रात तुम्ही ते दोन ओळींत उरकलंत, मला मात्र तीच सगळ्यात मोठी गोष्ट वाटली.

कॅल्शियम आणि फॉस्फेट एका टाकीत आले की साका बसतो, फिल्टर भरतो, ड्रीपर बंद पडतात, मग ॲसिड सोडत बसा. हे तुम्हाला सांगायला नको. मुद्दा असा की तो मुलगाही बीएस्सी ॲग्री आहे, त्यालाही हे परीक्षेत आलं असणार. तरीही सुटलं. कारण समोर आलेलं शेड्यूल सुबक असणार, तक्त्यात असणार, शुद्ध मराठीत असणार, आणि त्यातलं बाकी सगळं बरोबर दिसत असणार. बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ सल्लागारांवर २०२३ मध्ये असाच एक प्रयोग झाला. एआयला जमणारी कामं त्यांनी एआयच्या मदतीने जास्त लवकर आणि जास्त चांगली केली. पण मुद्दाम असं एक काम दिलं होतं जे एआयला नीट जमत नाही. तिथे एआय वापरणाऱ्यांची बरोबर उत्तरं, न वापरणाऱ्यांच्या तुलनेत १९ टक्के अंकांनी घटली. शिकलेली, हुशार माणसं होती ती. चुकीचं उत्तरही तेवढ्याच ठामपणे येतं, म्हणून माणूस तपासायचं सोडून देतो. तेव्हा त्या मुलाला चारचौघांत बोलला असाल तर एकदा बाजूला घेऊन समजावा. त्याचा हलगर्जीपणा कमी आणि सवयीचा अभाव जास्त आहे.

तुमच्या धंद्यात अशा चुकीची किंमत काय असते, हे नाशिकइतकं दुसरं कोणी जाणत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे (सीसीसी, वेलीची वाढ रोखणारं रसायन) अंश सापडले म्हणून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. ज्या सीसीसीचा वापर वर्षानुवर्षं चालू होता, त्याच्यापायी अख्खा सीझन गेला, आणि निर्यातदारांबरोबर बागायतदारही भरडले गेले. आज एक्स्पोर्टचा प्लॉट अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर नोंदवलेला असतो, कोणतं औषध कधी मारलं याचा हिशोब द्यावा लागतो. अशा बागेत चॅटबॉटने रात्री साडेदहाला भुरी रोगावर लेबल क्लेम (त्या पिकावर वापरायची मंजुरी) नसलेलं काही सुचवलं आणि शेतकऱ्याने सकाळी मारलं, तर?

‘ते चॅटबॉट म्हणाला, आम्ही नाही’ असं कंपनीला म्हणता येईल का? कॅनडात एका विमान कंपनीने म्हणून पाहिलं. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं, की घरातल्या मृत्यूमुळे केलेल्या प्रवासाची सवलत नंतरही मागता येते. नियम तसा नव्हता. कंपनीने बचावात मांडलं, की चॅटबॉट ही स्वतंत्र बाब आहे, आपल्या बोलण्याला तोच जबाबदार. ब्रिटिश कोलंबियातल्या लवादाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते फेटाळलं आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. वेबसाइटवरची माहिती साध्या पानावर असो की चॅटबॉटच्या तोंडी, जबाबदारी कंपनीचीच. आपल्याकडचे कायदे वेगळे आहेत, पण गावातला शेतकरी याहून वेगळा न्याय करणार नाही. तो चॅटबॉटला शोधत येणार नाही, तुमच्या दारात येईल.

म्हणून माझं म्हणणं असं: डोस, मिश्रण, फवारणी, भाव, डिलिव्हरीची तारीख आणि उधारीची मुदत, यांतला कोणताही आकडा माणसाने पाहून आपलं नाव खाली घातल्याशिवाय ग्राहकाकडे जाता कामा नये. बाकी सगळं एआयला खुशाल करू द्या. चॅटबॉट येणार आहे, तर आधीच मार्केटिंगला लिहून कळवा, की पिशवीचं वजन, जवळचा डीलर, मीटिंगची तारीख, लेबलवर छापलेला मजकूर याची उत्तरं त्याने द्यावीत. डोस किंवा रोगाचं विचारलं की ‘तुमच्या भागातल्या प्रतिनिधीला कळवतो’ म्हणून प्रश्न मुलांकडे पाठवावा. आणि तो मुलगा तासाभरात फोन करेल याची सोय तुम्ही बघा, नाहीतर शेतकरी दुसरीकडे विचारेल. तसंही आता त्याच्या हातात दुसरं साधन आहे. राज्य सरकारचं शेतीचा सल्ला देणारं ‘महाविस्तार’ ॲप २०२५ पासून आलंय, पोरंसोरं घरी चॅटजीपीटीला विचारतात. तुमचा मेसेज तो पडताळून बघणार हे धरूनच चाला.

पुण्याहून येणाऱ्या मेसेजबद्दल. मार्केटिंगच्या मंडळींना मी दोष देत नाही. एका दुपारी वीस बॅनर आणि पन्नास मेसेज तयार व्हायला लागले की सगळे पाठवावेसे वाटतात. पण पुण्यात बसून ‘नाशिक, द्राक्ष, ऑक्टोबर छाटणी’ असं सांगितलं, की एआय जिल्हाभर एकच मेसेज लिहिणार. सटाणा-बागलाणकडे अर्ली छाटणी जुलै-ऑगस्टमध्येच उरकलेली असते. तिथल्या बागायतदाराला ऑक्टोबरमध्ये ‘छाटणीची तयारी झाली का?’ असा मेसेज गेला, तर त्याला कळतं की या कंपनीला आपल्या बागेचं काही ठाऊक नाही. दोन-तीन वेळा असं झालं की तो नंबर ब्लॉक करतो. ब्लॉक करणारे वाढले की व्हॉट्सॲप त्या बिझनेस नंबरची गुणवत्ता खाली आणतं, आणि मग कामाचे मेसेज पाठवण्यावरही मर्यादा येऊ शकतात. तुमच्या तक्त्यातली छाटणीची तारीख इथे सोन्यासारखी आहे. तालुका आणि छाटणीचा आठवडा पाहून मेसेज पाठवा, एवढं जरी तुम्ही त्यांच्याकडून करून घेतलंत तरी मेसेज निम्मे होतील आणि वाचले जातील.

बॅनरवरच्या फोटोंबद्दल मात्र मला कडक बोलायचंय. एआयने बनवलेला टपोऱ्या मण्यांचा घड दाखवून खाली ‘आमच्या उत्पादनाचा रिझल्ट’ लिहिणं ही सरळ फसवणूक आहे. ‘उत्पादनात इतके टक्के हमखास वाढ’ असं एआयने लिहून दिलं आणि तुमच्याकडे ट्रायलचा कागद नसेल, तर तेही तसंच. ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बायोस्टिम्युलंट तर २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. तुमच्या सहा मुलांकडे सहा मोबाइल आहेत आणि त्यांचे डेमो प्लॉट आहेत. शेतकऱ्याची परवानगी घेऊन तिथले खरे फोटो, तारखेसह, पुण्याला पाठवत जा. मग मार्केटिंगला खोटा घड बनवायची गरजच पडणार नाही.

सकाळी डीलरची यादी देणाऱ्या सिस्टिमबद्दल थोडक्यात. ती बिलं पाहते, पेमेंट पाहते, शेवटची भेट पाहते आणि नंबर लावते. उन्हाळ्यात विसरलेल्या एखाद्या छोट्या दुकानदाराची ती नेमकी आठवण करून देईल, तेव्हा तिचं ऐका. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये निफाड भागात गारपीट झाली, तशी पुन्हा झाली, तर त्या पट्ट्यातल्या डीलरची उचल पडणार आणि सिस्टिम त्याला यादीत तळाला टाकणार. खरं तर त्याच आठवड्यात त्याच्याकडे जायला हवं, माल विकायला नव्हे, नुसतं बसायला. यादी बदलली की कारण लिहायची जागा सीआरएममध्ये असते. मुलांना ती भरायला लावा. ‘गारपीट, भेट गरजेची’ एवढं लिहिलं तरी पुढच्या वेळी वरिष्ठांना कळतं की यादीबाहेरची भेट म्हणजे टाळाटाळ नव्हती.

तुमच्या शिकण्याचं आता. ४६ हे वय आड येत नाही, कारण यात कोडिंग वगैरे काही नाही. सुरुवात रिपोर्टपासून करा, ते रोजचंच काम आहे. भेट संपली की बोला, पण लिहिलेलं लगेच वाचा. ‘झिरो झिरो पन्नास’ आणि ‘झिरो बावन्न’ यांत यंत्र गोंधळू शकतं. दुसरं, अवघड पत्रं. थकबाकीची आठवण करून देताना जुन्या डीलरला दुखवायचंही नाही आणि पैसेही हवेत, अशा पत्राचा मसुदा एआय छान करतं. त्याला परिस्थिती सांगा: संबंध किती जुने, थकबाकी का झाली, आपण किती मुदत देऊ शकतो. नाव आणि रक्कम नंतर हाताने घाला. मसुदा पुस्तकी वाटला तर ‘निफाडच्या दुकानदाराशी बोलतोय तसं लिही’ म्हणून सांगा, आणि शेवटचे चार शब्द तुमचे टाका. तिसरं, आणि यात तुम्हाला गोडी लागेल असं वाटतं. एआयला सांगा, तू दुसऱ्या कंपनीचा स्वस्त माल ठेवणारा डीलर हो आणि माझ्याशी घासाघीस कर. मुलांना समोर बसवून हा सराव करा. यंत्राने डीलरचा पार्ट कुठे चुकीचा केला हे तुम्ही दाखवत जाल, त्यातून मुलं घडतील.

रिपोर्ट, मसुदे, याद्या यांतून रोजचा तास-दीड तास वाचेल. हा वेळ कुठे जातो यावर लक्ष ठेवा. साहेबांच्या डोक्यात ‘आता सहाऐवजी चार मुलांत भागेल’ असं येऊ शकतं, आणि ते येण्याआधी तुमच्याकडे उत्तर हवं. वाचलेल्या वेळात कोणत्या गावांत फार्मर मीटिंग झाल्या, किती नवे डेमो प्लॉट उभे राहिले, किती जुनी वसुली झाली, हे महिन्याच्या महिन्याला कागदावर दाखवा. दाखवलं नाही तर वाचलेला वेळ म्हणजे जास्तीची माणसं, असाच हिशोब वर होतो.

साहेबांशी बोलताना ‘वहीचं मला काय मिळेल’ असं विचारू नका. असं म्हणा, की माहिती मी निवडून, तपासून देतो. ती दर सीझनला अद्ययावत ठेवायची आणि द्राक्षाच्या भागातून ग्राहकाकडे जाणारा प्रत्येक तांत्रिक मजकूर पाहून सोडायचा, ही जबाबदारी माझ्या केआरएमध्ये, म्हणजे कामाच्या ठरलेल्या उद्दिष्टांत, लिहून घ्या, आणि इन्क्रिमेंटला ती धरा. त्याच दिवशी झालेल्या बोलण्याचा चार ओळींचा ई-मेल टाका. साहेबांनी उत्तर दिलं नाही तरी तो ई-मेल राहतो. त्यांनी सरळ नकार दिला, तर शेताची माहिती तक्त्यात भरून द्या, कारण ती कंपनीची आहे आणि मुलांना तिची गरज आहे. घरच्या गोष्टी लिहिलेली मूळ वही मात्र कोणाच्या हाती देऊ नका.

नोकरी राहीलच असा शब्द मी देऊ शकत नाही, कोणीच देऊ शकणार नाही. पण वहीतल्या तारखा देऊन टाकल्यावर तुमच्याकडे काय उरतं, असं विचारलंत म्हणून सांगते. ते शेड्यूल पाहताक्षणी तुमचं बोट बरोबर चुकीच्या ओळीवर गेलं. ती नजर कोणत्याही पानावर लिहिलेली नव्हती, त्यामुळे स्कॅनही होणार नाही. कंपन्या जितके जास्त मेसेज, शेड्यूल आणि चॅटबॉट बाजारात सोडतील, तितकी ते तपासणाऱ्यांची गरज वाढेल असं माझं मत आहे. ही कंपनी त्याचे पैसे देईल की दुसरी, हे तुमच्या साहेबांच्या उत्तरावरून कळेल. ते बोलणं छाटणीची धावपळ सुरू व्हायच्या आधी करा, नंतर त्यांना वेळ नसेल आणि तुम्हालाही.